गावपातळीवरच्या आत्महत्या-प्रतिबंध प्रशिक्षणासाठी सरकारी निधी: प्रस्तावापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

‘समुदायासाठी आत्महत्या-प्रतिबंध प्रशिक्षण’ या नावाचं लेखाशीर्ष शोधायला निघालात तर जिल्हा परिषदेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सगळीकडून हात हलवत परत याल. या कामाला लागणारे पैसे वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या शीर्षकांखाली) विखुरलेले असतात: आरोग्य अभियानाच्या प्रशिक्षणात, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात, जिल्हा वार्षिक योजनेत. ते कोणत्या महिन्यात, कोणाच्या सहीने आणि कोणत्या शब्दांत मागायचे हे माहीत असलं की काम होतं. हा लेख महाराष्ट्रातल्या संस्था, ग्रामपंचायती, तालुका आरोग्य अधिकारी आणि शाळांसाठी आहे.

मागणी नेमकी कशाची?

नुसतं ‘जनजागृती’ लिहिलं की बॅनर, दीपप्रज्वलन आणि दीडशे माणसांचं सभागृह मंजूर होतं. त्यातून कुणाचा जीव वाचत नाही. मागायचं ते गेटकीपर प्रशिक्षण. ज्यांचा रोज लोकांशी संबंध येतो त्यांना तीन गोष्टी करता याव्यात: धोक्याच्या खुणा ओळखणं, थेट विचारणं आणि त्या माणसाला एकटं न सोडता उपचारांपर्यंत पोचवणं. समुपदेशक घडवणं हा याचा हेतू नाही, आणि प्रस्तावात हे स्पष्ट लिहा. नाहीतर ‘अप्रशिक्षित माणसं मानसोपचार करणार का?’ अशी शंका फाइलवर येते आणि फाइल दोन महिने मागे जाते.

आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक ही नावं सगळ्यांना सुचतात. त्यांच्याइतकीच महत्त्वाची माणसं यादीतून हमखास सुटतात. विविध कार्यकारी सोसायटीच्या गटसचिवाला कुणाचं कर्ज थकलंय ते ठाऊक असतं. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडे हंगाम नसताना कुणी कीटकनाशक मागितलं तर ते त्याच्या लक्षात येऊ शकतं. पोलीस पाटील, बचत गटाची सीआरपी (गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती), कृषी सहायक आणि गावातला न्हावीही यादीत हवेत. गावामागे आठ जण पुरतात. त्यांतल्या निदान तीन स्त्रिया असाव्यात, कारण घरातल्या छळाची गोष्ट पुरुष शिक्षकापाशी निघत नाही.

एका तुकडीत २४ ते ३० माणसं, दोन प्रशिक्षक आणि सहा तास, त्यांतला निम्मा वेळ जोडीजोडीने सराव. सराव कापला तर बाकी दिवस फुकट जातो. ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ हे वाक्य माणूस तोंडाने आठ-दहा वेळा म्हणत नाही तोवर खऱ्या प्रसंगी त्याच्या घशातून ते निघत नाही. असं विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती निराधार आहे, पण ती जवळजवळ प्रत्येक तुकडीत असते आणि ती काढायलाच तासभर जातो. दोन प्रशिक्षकांपैकी एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकार सामाजिक कार्यकर्ता असावा. दुसऱ्याचं काम तुकडीवर लक्ष ठेवायचं: कुणाच्या घरात असं घडलेलं असतं, ती व्यक्ती मधेच उठून बाहेर जाते, आणि तिच्यामागे कुणीतरी जावं लागतं.

क्यूपीआर, असिस्ट यांसारखे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम परवान्याने चालतात. परवान्याचं शुल्क सरकारी दरपत्रकात बसवताना नाकी नऊ येतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये मानसिक आजारांचा समावेश झाल्यापासून आशा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी सरकारी प्रशिक्षण-पुस्तिका आहेत. त्यांचा पाया धरून मराठीत सराव-प्रसंग जोडणं स्वस्त पडतं आणि मंजुरीलाही सोपं जातं.

फाइलच्या पहिल्या पानावरचा कायदा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २९ सरकारवर मानसिक आरोग्य संवर्धनाचे आणि प्रतिबंधाचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारी टाकतं, आणि त्यात आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्याच्या कार्यक्रमांचा वेगळा उल्लेख आहे. कलम ३० मध्ये पोलिसांसह सरकारी कर्मचाऱ्यांना वेळोवेळी संवेदनशील करण्याची तरतूद आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं असतं आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली गुन्हा आहे. ही माहिती प्रशिक्षणातही द्या. ‘पोलीस केस होईल’ या धाकाने कुटुंबं अजूनही दवाखान्यात खरं सांगत नाहीत.

दुसरा आधार राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या धोरणाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू २०२० च्या तुलनेत १० टक्क्यांनी कमी करण्याचं आहे. तिसरा आधार आकड्यांचा: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. एवढं अर्ध्या पानात आटोपा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला समस्या गंभीर आहे हे पटवावं लागत नाही. पैसे कुठून देता येतील ते त्याला कळत नसतं.

पैशाची दारं

*राष्ट्रीय आरोग्य अभियान.* हे सर्वांत मोठं आणि सर्वांत योग्य दार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम (१९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १९९६ पासूनचा जिल्हा अवतार) याच अभियानातून चालतो. प्रशिक्षण, माहिती-शिक्षण-संवाद, शाळा-महाविद्यालयांतले उपक्रम आणि आत्महत्या-प्रतिबंध त्याच्या कक्षेत येतात. खर्चाचा वाटा केंद्र ६०, राज्य ४०. मागणी प्रकल्प अंमलबजावणी आराखड्यात, म्हणजे सगळे ज्याला ‘पीआयपी’ म्हणतात त्यात, जावी लागते. हा आराखडा अलीकडे दोन वर्षांचा एकदम होतो. तो चुकला तर पुरवणी मागणीची वाट बघावी लागते.

महाराष्ट्रात इथे एक अडचण ठरलेली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य पथक बसतं जिल्हा रुग्णालयात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. आशा, आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. प्रस्ताव एकाच बाजूने गेला तर एकीकडे प्रशिक्षक असतात पण माणसं नसतात, दुसरीकडे माणसं असतात पण प्रशिक्षक नसतात. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही कार्यालयांत जा, मसुद्यावर दोघांचे शेरे घ्या आणि मगच तो जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांकडे द्या. एकत्र बैठक लावता आली तर उत्तम. तिचं इतिवृत्त प्रस्तावाला जोडा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ या नावाने शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचं काम आशांच्या सर्वेक्षणाला जोडून सुरू झालं. त्या जिल्ह्यांतल्या संस्थांनी नवीन योजना मागण्यापेक्षा या कामाचा पुढचा टप्पा म्हणून मागणी मांडावी. चालू असलेल्या गोष्टीत भर घालणं कार्यालयाला कायम सोपं वाटतं.

*ग्रामपंचायत.* ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी एक आरोग्यदायी गावाची आहे. आराखड्याची लोकयोजना मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या ग्रामसभेत विषय ठरावात आला नाही तर वर्षभर हळहळत बसावं लागतं. वित्त आयोगाच्या निधीत बंधित भाग पाणी-स्वच्छतेसाठी राखलेला असतो. आपल्याला बघायचा तो अबंधित भाग. पंधराव्या आयोगात हा भाग ४० टक्के होता आणि त्यातून पगार वा आस्थापना खर्च चालत नसे. तो आयोग २०२५-२६ पर्यंतचा होता, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी ग्रामसेवकाकडून चालू सूचना वाचून घ्या. स्वनिधीतला १० टक्के महिला व बालकल्याणाचा आणि ५ टक्के दिव्यांगांचा राखीव भागही विचारात घ्या, पण तो त्या त्या गटाच्या नावावरच खर्ची पडला पाहिजे. लेखापरीक्षणात पहिली हरकत तिथेच निघते.

*ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.* वर्षाला गावामागे १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी. एवढ्यात प्रशिक्षण होत नाही. मात्र उजळणीच्या बैठकीचा चहा, संपर्क-कार्ड आणि एखाद्या रुग्णाला तालुक्याला न्यायचा गाडीखर्च यांसाठी तो बिनबोभाट वापरता येतो. आशा या समितीत असतेच, त्यामुळे ठराव होणं अवघड नाही.

*जिल्हा नियोजन समिती.* पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ म्हणून थोडा निधी असतो. तो मागणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे काम दुसऱ्या कुठल्याही योजनेतून होत नाही असं दाखवावं लागतं. आणि संस्थेला थेट पैसे मिळत नाहीत. कार्यान्वयन यंत्रणा सरकारी खातंच असतं, तुम्ही त्या खात्यासाठी काम करता. पुढच्या वर्षाचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत आकार घेतो, म्हणून दिवाळीनंतर जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांची गाठ घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात. तारखा जवळ असतील तर प्रशासकीय मान्यता आधीच पदरात पाडून घ्या.

*शाळा आणि महाविद्यालयं.* २५ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शैक्षणिक संस्थांतल्या सर्व शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा आणि पुढे पाठवण्याची पद्धत यांचं प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना हा मुद्दा अगोदर मांडा. गावच्या तुकड्यांतच शिक्षक घेतले तर त्या शिक्षकांपुरतं एक प्रशिक्षण त्यात भागतं.

अंदाजपत्रक: पहिल्या दिवसानंतरचे पैसे

अमेरिकेत २००४ च्या गॅरेट ली स्मिथ स्मृती कायद्याने राज्यांना आणि आदिवासी समूहांना तरुणांमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी अनुदान दिलं. त्याच्या मूल्यमापनात असं दिसलं की ज्या काउंट्यांत प्रशिक्षणं झाली तिथे त्यानंतरच्या काळात तरुणांच्या आत्महत्या कमी झाल्या, आणि पुढे हा परिणाम विरत गेला. ग्रामीण भागात तो अधिक ठळक होता. म्हणजे सरकारी पैशाने उपयोग होतो, पण एकदाच टाकलेल्या पैशाचा उपयोग टिकत नाही. ही दोन वाक्यं अंदाजपत्रकाच्या वरच लिहा, कारण मंजुरी देताना सगळ्यांत आधी कात्री लागते ती ‘उजळणी’ या ओळीला.

उदाहरणादाखल ३० गावं घेऊ. गावामागे ८ म्हणजे २४० माणसं. २४ च्या १० तुकड्या. पहिला दिवस: १० तुकड्या गुणिले २ प्रशिक्षक, २० प्रशिक्षक-दिवस. तिसऱ्या आणि नवव्या महिन्यात प्रत्येक तुकडीची अर्ध्या दिवसाची उजळणी: २० सत्रं, दोन प्रशिक्षकांचे मिळून आणखी २० दिवस. एकूण ४०. गावं तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांखाली येत असतील तर दरमहा केंद्राच्या आशा-बैठकीला जोडून तासाभराची मार्गदर्शन-बैठक. नऊ महिन्यांत २७. यासाठी वेगळं सभागृह लागत नाही, प्रशिक्षकाचा प्रवास आणि मानधन लागतं.

बाकीच्या ओळी अशा: २४० पुस्तिका आणि २५ जास्तीच्या, माणशी २० खिशात मावणारी कार्डं, ज्यावर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आणि जवळच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचा वार असेल, जेवण-चहा, येण्याजाण्याचं भाडं, रोजंदारीवर जगणाऱ्यांना बुडालेल्या दिवसाची भरपाई. ही शेवटची ओळ कापली गेली की तुकडीत फक्त पगारदार उरतात. दर स्वतः ठरवू नका. आरोग्य अभियानाने प्रशिक्षणांसाठी मंजूर केलेले मानधनाचे, भत्त्यांचे आणि भोजनाचे दर जिल्हा लेखा व्यवस्थापकांकडून लेखी घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर त्यांचा संदर्भ टाका. दर ठरलेले असले की वाद फक्त संख्येवर होतो, आणि संख्येचं समर्थन तुमच्याकडे आहे.

आमच्या मते एकूण रकमेतला निम्माच भाग पहिल्या दिवसाला जावा. तिसरा हिस्सा उजळणी व मासिक बैठकांना आणि उरलेला मूल्यमापन, रुग्णाचा प्रवास व कार्यालयीन खर्चाला.

प्रस्तावाची चार-पाच पानं

१. गरज: तुमच्या तालुक्याची, अर्धं पान.
२. कोणाला, किती जणांना, कोणत्या महिन्यात. खरीप पेरणीचे आणि सोयाबीन-कापूस काढणीचे दिवस टाळलेत हे दिसू द्या.
३. खूण दिसल्यानंतरचा रस्ता. गेटकीपरने कोणाला फोन करायचा, कोणत्या वारी कोणता डॉक्टर कुठे असतो, रात्री काय करायचं. प्रस्तावातला हा भाग अर्धा पानही नसतो आणि इथेच बहुतेक प्रकल्प कोसळतात. प्रशिक्षित आशाने तीन जणांना तालुक्याला पाठवावं आणि तिघांनाही ‘डॉक्टर आज नाहीत’ असं ऐकायला मिळावं; चौथ्याला ती पाठवत नाही. बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि वेळ जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी घेऊन प्रस्तावाला जोडा.
४. अंदाजपत्रक.
५. मोजमाप.

मोजमापात ‘आत्महत्या ३० टक्के घटतील’ असं वचन देऊ नका. एक लाख लोकसंख्येचा तालुका धरा. २०२२ चा राष्ट्रीय दर लाखाला १२.४, म्हणजे वर्षाला साधारण १२ घटना. केवळ योगायोगानेही हा आकडा एका वर्षी ८ आणि पुढच्या वर्षी १७ होऊ शकतो. घटला तर श्रेय खोटं, वाढला तर प्रकल्प बंद. त्याऐवजी मोजता येण्यासारखं लिहा: किती जण उजळणीला परतले (७० टक्क्यांचं लक्ष्य वाजवी आहे), किती जणांशी थेट बोलणं झालं, किती जण खरोखर दवाखान्यात पोचले, त्यांतले किती दुसऱ्यांदा गेले. ज्ञानचाचणीचे आधीचे-नंतरचे गुण घ्या हवे तर. ते नेहमीच वाढतात, त्यावर फार भिस्त ठेवू नका.

शेतीचा तालुका असेल तर कीटकनाशकं कुलपात ठेवण्याचा विषय प्रस्तावात हवाच. घातक साधनं हाताशी नसणं हा जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मुख्य उपायांपैकी एक आहे. कुलूपबंद पेटीचा खर्च प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षात बसत नाही. तो ग्रामपंचायतीकडून मागा.

संस्थेची कागदपत्रं

नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल-अर्ज (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) अद्ययावत, पॅन, एनजीओ दर्पण या सरकारी संस्था-पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पीएफएमएस (सरकारी पैशाचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी, कार्यकारिणीचा ठराव. विश्वस्त बदलले असतील आणि बदल-अर्ज प्रलंबित असेल तर ते आधी निस्तरा. बँकेतल्या सह्या आणि धर्मादाय कार्यालयातली नावं जुळली नाहीत की मंजूर हप्ताही अडकतो.

पैसे आल्यावर

आरोग्य अभियानातले पैसे आता एकल नोडल खात्यातून, म्हणजे राज्यपातळीवरच्या एकाच खात्यातून, जातात; बऱ्याचदा तुमच्या हाती रक्कम न येता खर्चाची मर्यादा येते आणि देणं थेट पुरवठादाराच्या खात्यात होतं. म्हणून चहावाल्यापासून छापखान्यापर्यंत सगळ्यांची बँक माहिती प्रशिक्षणाआधी घ्या. सहायक अनुदान संस्थेच्या खात्यात आलं तर त्यासाठी स्वतंत्र खातं ठेवा. केंद्रीय अनुदानावर सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू असतील तर त्यावरचं व्याज सरकारजमा करावं लागतं, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. एवढा वेळ घेऊ नका. आधीच्या हप्त्याचं प्रमाणपत्र नसेल तर पुढचा हप्ता निघत नाही आणि नवव्या महिन्याची उजळणी नेमकी त्यातच अडकते.

मंजुरी ऑगस्टमध्ये, रक्कम जानेवारीत आणि खर्चाची मुदत ३१ मार्च, हे नेहमीचं आहे. अशा वेळी दहा तुकड्या मार्चच्या दोन आठवड्यांत कोंबण्याचा दबाव येतो. तो नाकारायचा तर पर्याय हातात हवा: सहा तुकड्या आणि सगळं छपाईकाम या वर्षात, चार तुकड्या आणि उजळणी पुढच्या वर्षाच्या बांधील (आधीच मंजूर झालेल्या) खर्चात, असं पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्या.

लेखापरीक्षकासाठी हजेरीपट, छायाचित्रं, पावत्या, पोचपावत्या लागतात. धोक्यात असलेल्या माणसांची यादी मात्र कुठल्याही फाइलला लावायची नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात गेलेलं नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. नोंदवहीत गावाचा संकेतांक आणि अनुक्रमांक लिहा. नावांची किल्ली एकट्या मानसिक आरोग्य पथकाकडे ठेवा. प्रवासखर्चाच्या व्हाउचरवरही संकेतांक चालेल असं मंजुरी आदेशातच लिहून घ्या. नंतर मागितलं तर लेखा विभाग ऐकत नाही, आणि मग नाव उघड करायचं की गाडीभाडं खिशातून भरायचं असा पेच आशावर येतो.